शुभेच्छा आल्या आणि फोटो वर सरकला

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी दोन ओळींत विचारलं होतं, की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर काय खुपतं ते कळवा. इतकी पत्रं आली, की टेबलावर जागा उरली नाही. बहुतेकांचं दुखणं एकच: कामासाठी काढलेल्या ग्रुपवर भलत्याच गप्पा चालतात, आणि बोललं तर माणूस दुखावतो. त्यातली पाच पत्रं आज घेते. नावं कुणाचीच देत नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यातलं नुकसान मी माझ्या माहेरच्या बागेत उभं राहून पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्या भागातल्या बागायतदारांच्या ग्रुपवर ४१२ सभासद आहेत, अ‍ॅडमिन मी. गेल्या हंगामात नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी रात्री आठला एका तरुण पोराने पानाचा फोटो टाकून विचारलं, "हा डाऊनीच का? बाग ३४ दिवसांची आहे." नेमका त्याच दिवशी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस. शुभेच्छा, केक, हारतुरे रात्री बारापर्यंत चालू होते. फोटो कुठल्या कुठे वर निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुणाच्या तरी नजरेस पडला. पोराची पाऊण एकर बाग हातची गेली. मी संतापून ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करून टाकला. आता ग्रुप शांत आहे, पण मला दिवसाला पन्नास फोन येतात आणि माणसं म्हणतात, ग्रुप मेला. काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या भावाची निफाड तालुक्यात साडेतीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे आणि त्यांच्या गावच्या ग्रुपची २०१९ पासून मी दुसरी अ‍ॅडमिन आहे. म्हणून '३४ दिवसांची बाग' वाचल्यावर पोटात गोळा आला. ज्यांच्या घरी द्राक्ष नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबर छाटणी झाली की बागायतदार दिवस मोजायला लागतो. तिशी ओलांडलेली बाग म्हणजे घड बाहेर आलेले, फुलोरा तोंडावर. हा सगळ्यात नाजूक काळ. डाऊनी म्हणजे केवडा, बुरशीचा रोग. पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग दिसतो आणि पान उलटं केलं की त्याच जागी खाली पांढरी बुरशी असते. ती पांढरी दिसली म्हणजे तिचं बी तयार झालं. पान रात्रभर ओलं राहिलं की ते शेजारच्या पानावर जातं, घडावर जातं. रात्री आठच्या प्रश्नाला नऊला उत्तर मिळालं असतं तर पोराचा फवारणीचा ब्लोअर पहाटे बागेत असता. दुपारी मिळालं, म्हणजे मधे एक ओली रात्र आणि एक दवाची पहाट गेली. सगळं नुकसान शुभेच्छांनी केलं असं मी म्हणणार नाही. डाग डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी दिवस आधी लागण झालेली असते. पण जे वाचलं असतं ते वाचलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

आता आमचं सांगते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने नाशिक जिल्ह्यातल्या बागा झोडपून काढल्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या दिवसांत एका रात्री मी भावाच्या ओट्यावर वही घेऊन बसले आणि त्या एका दिवसात ग्रुपवर काय काय आलं ते मोजलं. एकूण २६८ मेसेज. बागेबद्दलचे ३१. वाढदिवसाचे ९४. बाकी सुविचार, देवदेवता, पक्षांचे व्हिडिओ, आणि कुणाच्या तरी हरवलेल्या कुत्र्याचा फोटो चार वेळा. मी वही भावापुढे धरली आणि म्हटलं, उद्या सकाळी सगळं बंद करूया. तुम्ही केलंत तेच.

भाऊ म्हणाला, आधी नावं बघ. मी नावं लिहून काढली आणि थांबले. सुविचार टाकणारे आणि फोटो पाहून अचूक रोग ओळखणारे बहुतेक तेच होते. आमच्याकडे एक आप्पा आहेत, पंचाहत्तरीचे. रोज पहाटे चारला सप्तशृंगीचा फोटो टाकायचे. आणि भुरी हा पांढऱ्या बुरशीचा रोग कोणता, नुसती औषधाची पावडर बसलेली कोणती, हे मोबाइलच्या धुरकट फोटोवरून त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मी त्यांना फोन केला. म्हटलं, आप्पा, चारला फोटो कशाला टाकता? ते म्हणाले, "अगं, रात्रीची लाईट असते ना, मोटर चालू करायला उठतो. फोटो टाकला की कोण कोण जागं आहे ते कळतं. अंधारात एकट्याने पाण्यावर जायचं असतं, साप-किरडू असतं. चार जण जागे आहेत एवढं कळलं तरी बरं वाटतं."

शेतीपंपाची लाईट तेव्हा काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असायची, हे तुम्हाला सांगायला नको. मी नाशिकला फ्लॅटमध्ये बसून ज्याला कचरा म्हणत होते, ती त्या माणसाची हाक होती. त्या दिवसापासून अवांतर बोलणाऱ्या माणसाकडे मी निराळ्या नजरेने बघते. तो कामात व्यत्यय आणायला बसलेला नसतो. त्याला बोलायचं असतं आणि त्याच्याकडे दुसरी जागा नसते.

म्हणून आम्ही जागा दिली. दुसरा ग्रुप काढला, त्याचं नाव 'पार'. मूळ ग्रुपचं नाव नुसतं 'बाग' ठेवलं. पिंपळगावच्या बाजार समितीत लिलाव चालू असताना कुणी लग्नाच्या गोष्टी काढत नाही. लिलाव उरकला की तीच माणसं चहाच्या गाड्यावर तासभर बोलतात. हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, फक्त मोबाइलमध्ये तो चहाचा गाडा नव्हता. 'पार'वर आप्पांचा पहाटेचा फोटो येतो, वाढदिवस येतात, निवडणुकीत भांडणंही झाली. 'बाग'वर फक्त बाग.

एवढ्याने लगेच जमलं नाही, ते स्पष्ट सांगते. पहिले दोन महिने लोक विसरायचे. पण अ‍ॅडमिनने कुणालाही ग्रुपवर टोकायचं नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळलं. भाऊ किंवा मी फोन करायचो. "दादा, शुभेच्छा पारावर टाका ना, इथे त्या विरळणीचा प्रश्न चाललाय." चारशे माणसांसमोर "इथे नको" असं लिहिलं की तो माणूस पुन्हा कधी बागेबद्दलही तोंड उघडत नाही. फोनवर तेच सांगितलं की "हो हो, चुकून झालं" म्हणतो आणि स्वतःच डिलीट करतो. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण मी आधी फोन करते आणि मग पुसते. न सांगता पुसलेला मेसेज माणूस फार दिवस मनात ठेवतो.

तुमच्या त्या पुढाऱ्यांचं काय करायचं, असं तुमच्या मनात असेल. त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा. पोराच्या बागेचा फोटो घेऊन जा. आमच्या सरपंचांनी आपल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी स्वतः 'बाग'वर लिहिलं होतं, "उद्या इथे कुणी शुभेच्छा देऊ नका, पाऊस सांगितला आहे." त्यांच्या शब्दाला जे वजन आलं ते माझ्या दहा नियमांना आलं नसतं.

आणखी दोन गोष्टी आमच्याकडे रुजल्या आहेत, त्या तुम्ही उचला. एक म्हणजे 'तातडी' हा शब्द. फोटोच्या आधी तो लिहिला, की जाणत्याचं उत्तर येईपर्यंत ग्रुपवर दुसरं काही टाकायचं नाही, बागेबद्दलचंसुद्धा. उत्तर द्यायचं ते त्याच फोटोवर बोट सरकवून, म्हणजे प्रश्न आणि उत्तर एकत्र राहतं. विचारणाऱ्यानेही नीट विचारायचं: वाण कोणता, छाटणीनंतरचा कितवा दिवस, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो, जमल्यास दिवसाउजेडी. "हे काय झालं बघा" एवढंच लिहिलं तर देवही उत्तर देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट फवारणीच्या फॉरवर्डची, आणि हिच्यात मी कुणाचंही मन राखत नाही. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या भागासाठी लिहिलं याचा पत्ता नसलेलं वेळापत्रक 'बाग'वर दिसलं की मी ते पुसते आणि मग फोन करते. इथे क्रम उलटा. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. ज्यांचे कंटेनर अडकले त्यांच्या घरातलं ते वर्ष मला आठवतं. औषधाचं नाव आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीवरून ताडून पाहिल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही. 'पार'वरसुद्धा नाही.

दादा, 'फक्त अ‍ॅडमिन' आजच काढा. आणि त्या पोराला दुसरा अ‍ॅडमिन करा. ग्रुपवर काय वर सरकू द्यायचं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार नाही.

प्रश्न : शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे. कुणी काही आक्षेपार्ह टाकलं तर गुन्हा माझ्यावर दाखल होतो, असं सगळे म्हणतात. मी अ‍ॅडमिनपद सोडू का?

उत्तर : त्या भीतीने सोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा हात होता, दोघांचं आधी ठरलेलं होतं, असं दिसायला हवं. प्रत्यक्ष नोटीस आलीच तर वकिलाकडे जा, माझ्या सदरावर विसंबू नका.

पण भाऊ, कायद्याने सुटलो म्हणून आपलं काम संपत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं. ते मेसेज ज्यांनी पुढे ढकलले त्यांतल्या बहुतेकांना वाटलं असेल, आपण आयाबायांना सावध करतो आहोत. कुणाच्या जातीवर, धर्मावर, किंवा 'अमुक माणसं दिसली तर पकडा' असं काही तुमच्या ग्रुपवर आलं, तर माणूस कितीही जवळचा असो, त्याच मिनिटाला पुसा. याला अवांतर म्हणत नाहीत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीच्या एका सोसायटीत राहतो. पाणी, लिफ्ट, पार्किंग यासाठी ग्रुप आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी आठ-दहा शुभ सकाळ आणि आरोग्याचे सल्ले पाठवायचे. एका तरुण सभासदाने सगळ्यांसमोर लिहिलं, "काका, फोनची मेमरी फुल होते, हे बंद करा." काकांनी ग्रुप सोडला. आता जिन्यात भेटले तरी बोलत नाहीत. काकूंनी हळदीकुंकवालाही आम्हाला बोलावलं नाही. मेमरी भरते हे तर खरंच आहे ना?

उत्तर : खरं आहे, आणि त्याचा उपाय तुमच्याच फोनमध्ये आहे. सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. तो मुलगा तेवढं करू शकला असता.

काकांबद्दल मात्र माझा एक अंदाज आहे, आणि तो माझ्या सासऱ्यांवरून आलेला आहे. तेही दिवसभर फॉरवर्ड पाठवायचे. घरात सगळे वैतागले होते. एकदा मी त्यांच्या शेजारी बसून ते फोन कसा वापरतात ते नुसतं पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजव्या हाताला कंप. कीबोर्डवर 'क'ला काना द्यायचा म्हटलं की अंगठा बाजूच्या अक्षरावर पडायचा. एक ओळ लिहायला पाच मिनिटं, तीही चुकलेली. मग ते सगळं पुसून टाकायचे. आलेलं चित्र दाबून धरायचं आणि पुढे पाठवायचं, एवढंच त्यांच्या अंगठ्याला जमत होतं. त्यांना बोलायचं होतं, आणि दुसऱ्याने बनवलेली चित्रं एवढेच शब्द त्यांच्या हाताशी होते.

मी त्यांना मराठी कीबोर्डवरची माइकची खूण दाखवली. "हे दाबा आणि बोला, ते आपोआप लिहितं." त्यांनी घसा साफ केला, फोन तोंडासमोर धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं बोलले, "आज पाण्याचा टँकर किती वाजता येणार आहे." अक्षरं उमटली. त्यांनी ती तीनदा वाचली, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर पाठवली. सेक्रेटरीचं उत्तर आलं, "काका, साडेअकराला." त्यानंतर फॉरवर्ड हळूहळू कमी झाले. हल्ली ते टाकीची गळती, रद्दीवाल्याचा भाव, १९९१ साली इमारतीचं काम चालू असताना पाया कसा भरला होता, असं काय काय सांगत असतात. त्या पायाच्या माहितीचा गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगवाल्याला उपयोग झाला.

काकांकडे जा. मुलाला घेऊन जा, पण त्याला माफी मागायला लावू नका, अवघडतील दोघंही. त्याला म्हणावं, काकांना माइक दाखव. शिकवताना तो शेजारी बसेल, काकू चहा करतील, बाकीचं आपोआप होईल. ग्रुपमध्ये परत यायचं आमंत्रण मात्र अ‍ॅडमिनने तोंडी द्यावं. नुसता नंबर जोडून टाकू नये.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, नाशिकला शिकतो. पक्षीनिरीक्षणाची नुकतीच आवड लागली म्हणून एका ग्रुपमध्ये गेलो. नियम असा, की फक्त फोटो, पक्ष्याचं नाव, ठिकाण, तारीख. मी विचारलं, "नांदूर मधमेश्वरला बसने कसं जायचं आणि दुर्बीण कोणती घ्यावी?" अ‍ॅडमिनने लिहिलं, "अवांतर. नियम वाचा." चार जणांनी त्यावर अंगठे दाखवले. मी बाहेर पडलो. माझं चुकलं का?

उत्तर : नाही, बाळा. तू विषयावरच बोलत होतास. पक्षी बघायला जायचं कसं, हे पक्ष्यांच्या ग्रुपवर विचारायचं नाही तर कुठे विचारायचं?

हे कडक नियम येतात कुठून, तेही समजून घे. पक्ष्यांच्या ग्रुपवर एक नियम अगदी डोळे मिटून पाळावा असा आहे: घरट्याचं नेमकं ठिकाण टाकायचं नाही. टाकलं की दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात आणि पक्षी अंडी सोडून जातो. तो नियम सांगताना कुणी तुझ्यावर ओरडला तरी ऐकून घे. पण बसच्या प्रश्नाने कुणाचं घरटं मोडत नव्हतं. इंटरनेटवरच्या गटांत कसं वागावं याची एक जुनी नियमावली १९९५ सालची आहे. तिच्यात नव्या माणसाला सांगितलंय, की लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाच. सल्ला चांगला आहे, तूही पाळ. जुन्यांनीही नव्याशी सबुरीने वागायला हवं, एवढं मी त्यात घालीन.

मी हे इतकं जीव तोडून सांगते याला कारण आहे. २००८ साली लग्न होऊन मी मस्कतला गेले. मिस्टर सकाळी सातला जायचे ते रात्री आठला यायचे. शेजारी मराठी कुणी नाही. दुपारी मी मिसळपाव आणि मायबोली ही मराठी संकेतस्थळं उघडायची. मिसळपाववर लोक प्रतिसादाच्या शेवटी 'अवांतर:' असं लिहून दोन ओळी वेगळं काही बोलायचे. मुख्य चर्चा लांब राहायची, माझा जीव त्या दोन ओळींत असायचा. मायबोलीवर गप्पांची वाहती पानं होती. नवं आलं की जुनं वाहून जायचं, म्हणून कुणाची चर्चा अडायची नाही आणि कुणाला गप्पा मारायची चोरीही नव्हती. ती सोय ज्यांनी केली त्यांना माणसं कळत होती. पाचव्या महिन्यात मला दिवसभर उलट्या व्हायच्या, तेव्हा तिथे न पाहिलेल्या एका बाईंनी लिहिलं, "ओला नारळ मिळतो का बघा, आणि पोट रिकामं ठेवू नका, उशाशी कुरमुरे ठेवा." आई फोनवर होती, पण तिचा फोन आठवड्यातून एकदाच यायचा. ते कुरमुरे मी मस्कतच्या दुकानात शोधून आणले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाशिकहून निफाडला बस भरपूर आहेत. अभयारण्य तिथून साधारण १२ किलोमीटर. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा आणि उजाडायच्या आत पोच. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक थंडीत हमखास दिसतात. २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा आहे. दुर्बीण पहिल्यांदा कुणाची तरी मागून बघ, आठ बाय बेचाळीस मापाची हातात नीट बसते. पहिला थापट्या दिसला की त्याची चोच वहीत काढ. आणि मला कळव.

प्रश्न : आमच्या १९८८ च्या दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे. फेब्रुवारीत आमची एक मैत्रीण गेली. बातमी टाकली, खाली श्रद्धांजली सुरू झाल्या, आणि मधेच एका मित्राने हापूसच्या पेटीची जाहिरात टाकली. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणतो, "मी वर बघितलंच नव्हतं." तेव्हापासून अबोला आहे. शिवाय मैत्रिणीचा नंबर अजून ग्रुपमध्ये आहे. काढावा का?

उत्तर : तो खरं बोलतो आहे असं मला वाटतं. शंभर न वाचलेले मेसेज समोर असताना माणूस वर जात नाही, खाली आपलं टाकून मोकळा होतो. म्हणून अशा दिवशी अ‍ॅडमिनने बातमी वर पिन करावी, निदान चोवीस तास. ग्रुप उघडल्याबरोबर ती दिसते. आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द दीडशे वेळा लिहिण्यापेक्षा बातमीवर हात जोडल्याची खूण करावी, आणि लिहायचंच तर आपल्याला आठवणारं काही लिहावं.

नंबर काढू नका. माझ्या शाळेच्या ग्रुपवरची एक मैत्रीण तीन वर्षांपूर्वी गेली. आम्ही तिचा नंबर काढायचा की नाही यावर चर्चा करत होतो, तीही ग्रुपवरच, तो फोन कुणाच्या हातात असेल याचा विचार न करता. तेराव्यानंतर एका रात्री तिच्याच नावाने मेसेज आला. छातीत धस्स झालं. तिचा मुलगा होता. "मी आईच्या फोनवरून लिहितोय. ती रात्री तुमचे मेसेज वाचून एकटीच हसायची. आम्ही विचारलं तर सांगायची नाही. शाळेत ती कशी होती?"

आमचा तो ग्रुप सहलीच्या नियोजनासाठी काढलेला होता. सहल कधीच झाली नाही. त्या रात्री एकेक जण लिहायला लागला. ती कवायतीच्या तासाला चिंचा कशा वाटायची, भूगोलाच्या बाईंचा आवाज कसा काढायची, प्रभातफेरीत तिची चप्पल तुटली तेव्हा अनवाणी कशी चालली. कुणी विषय सोडून दुसऱ्याच कुणाच्या खोड्या सांगत होतं, कुणी त्या बाई हल्ली कुठे असतात ते विचारत होतं. मी शेवटचं लिहिलं तेव्हा पावणेदोन झाले होते. मेसेज दाबून त्याची माहिती उघडली. वाचलेल्यांत सगळ्यात वर तिचं नाव होतं, आणि समोर वेळ, १:४६.

तुमच्या मैत्रिणीच्या घरी कुणाकडे तो फोन आहे ते आधी विचारा, आणि नंबरचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. पेटीवाल्या मित्राला मात्र आजच फोन करा. तोही तिच्याच वर्गात होता.